वेल्डिंग मशीन का रुसते?



गळीत हंगाम ऐन भरात आला म्हणजे कारखान्याच्या गव्हाणीपासून शेवटच्या शिवारातील फडापर्यंत एकच घाई असते. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आपण सारेच जाणतो. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटते, उतारा घसरतो. वजनाचा तोटा ज्याचा त्याला आणि उताऱ्याचा तोटा सगळ्यांना. अशा वेळी वाटेत ट्रॉलीचा हूक तुटला किंवा दांड्याला चीर गेली, तर भरलेले वाहन जागच्या जागी उभे राहते आणि सर्वांची नजर गावच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे वळते. नेमके त्याच वेळी मशीन रुसून बसते!

गेल्या हंगामात असाच एक प्रसंग आमच्या पाहण्यात आला. रात्री साडेनऊचा सुमार. एका सभासदाची भरलेली ट्रॉली वस्तीवर उभी. वेल्डिंगवाल्याने दुकानातले इन्व्हर्टर मशीन उचलून वस्तीवर आणलेले. रॉड टेकवला की ठिणगी पडायची, क्षणभर पेटायचे, की लगेच मशीनच्या तोंडावर लाल दिवा आणि इंग्रजी ई अक्षरापुढे एक आकडा. बंद करून चालू केले की पुन्हा तेच.

"साहेब, मशीन पेटतंय पण उचलत नाय. दुकानदाराला फोन केला, तो म्हणतोय कार्ड गेलं, आणून टाका."

आमच्या वर्कशॉपमधील वायरमनने आधी कार्डाचे नावच काढले नाही. त्याने मीटर लावला. मशीन नुसते चालू असता २२१ व्होल्ट. रॉड टेकवला की १६८! मग त्याने वायर पाहिली. घरातल्या बोर्डापासून ट्रॉलीपर्यंत साठ मीटर बारीक वायर, त्यातली निम्मी तशीच गुंडाळीत. हात लावला तर गुंडाळी कोमट.

"आण्णा, मशीन चांगलंय. त्याला खायलाच मिळंना, ते उचलंल कशानं?"

ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून मीटरपेटीजवळ आणली, जाड वायर जोडली आणि त्याच 'कार्ड गेलेल्या' मशीनने काम केले. त्या रात्री कार्ड बदलायला मशीन तालुक्याला गेले असते, तर ऊस दोन दिवस तिथेच राहिला असता, आणि कार्ड बदलूनही तोच आकडा पुन्हा दिसला असता. म्हणून हा लेखप्रपंच.

मशीन दोन जातींची

आपल्या भागात अजून दोन प्रकारची मशीने चालतात. पहिले जुने ट्रान्सफॉर्मरचे. पेटी मोठी, वजन चौघांनी उचलण्याचे, कधी तेल भरलेले, हँडल फिरवून करंट कमीजास्त करायचा. त्याला आकडा नाही, दिवाही बहुधा एकच. ते बिघडले तर गुणगुणते, तापते, वास येतो.

दुसरे इन्व्हर्टरचे. वजन पाच-दहा किलो, खांद्याला अडकवून नेता येते. आलेल्या २३० व्होल्टचे ते आधी सुमारे ३२५ व्होल्ट डी. सी. करते, कपॅसिटरमध्ये साठवते, मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. एवढ्या वेगामुळेच आतला ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. हे स्विच नाजूक असतात. म्हणून त्यांच्यावर राखण ठेवलेली असते: गरम झाले, करंट फार झाला, व्होल्टेज कमी-जास्त झाले की राखणदार मशीन थांबवतो आणि दिवा किंवा आकडा दाखवतो.

हे नीट ध्यानात घ्यावे. पुष्कळ वेळा आकडा म्हणजे 'मशीन बिघडले' असा निरोप नसतो. 'मला वाचवण्यासाठी मी थांबलो' असा तो निरोप असतो.

आकडा कुठे वाचावा?

सर्व कंपन्यांना मिळून एकच ठरलेली यादी नाही. एका कंपनीच्या मशीनवर ज्या आकड्याचा अर्थ 'गरम झाले', त्याच आकड्याचा अर्थ दुसरीकडे 'व्होल्टेज कमी' असू शकतो. सबब शेजारच्या दुकानदाराने सांगितलेला अर्थ आपल्या मशीनला लावू नये. मशीनबरोबर आलेली पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानातच ठेवावी. ती हरवली असेल तर मशीनच्या मागील पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून घेऊन विक्रेत्याकडून यादी मागावी.

तथापि आकडे कितीही असोत, त्यांची कुळे चार-पाचच: तापमान, कमी व्होल्टेज, जास्त व्होल्टेज, जास्त करंट व आतील बिघाड. तीन फेजच्या मोठ्या मशीनला एक जास्त, फेज गेल्याचे. आता तक्रारीप्रमाणे पाहू.

१. मशीन मुळीच चालू होत नाही

आधी दोष घरातला की मशीनमधला हे ठरवावे. इथे आपला नेहमीचा टेस्टर फसवतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर फेजवर पेटतोच. आपण म्हणतो, "लाईट आहे", आणि मशीन मेलेले. म्हणून फेज व न्यूट्रलमध्ये मीटर लावून व्होल्ट पाहावेत. मीटर नसेल तर होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब चालेल, मात्र तो फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच लावावा. दोन फेजमध्ये लावला तर तो फुटतो.

मग प्लग उघडून पाहावा. स्क्रू ढिला, पिन काळी पडलेली, प्लॅस्टिक वितळलेले, हे दोष आम्हांला वारंवार आढळतात. १६ अँपिअरच्या घरगुती प्लगवर वेल्डिंग मशीन चालवण्याची सवय हेच त्याचे कारण. हिशेब साधा आहे. ३.१५ मि. मी. रॉडला सुमारे १२० अँपिअर लागतात आणि तेव्हा आर्कवर साधारण २५ व्होल्ट असतात. म्हणजे तीन किलोवॉट. मशीनमधील घट व पॉवर फॅक्टर धरला तर सिंगल फेजवर बावीस-तेवीस अँपिअर ओढले जातात. १६ चा प्लग ते किती दिवस सोसणार? ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग-सॉकेट बसवावा.

२. एमसीबी पडतो

केव्हा पडतो हे पाहावे. त्यातच उत्तर असते. मशीनचा स्विच लावताक्षणीच, रॉड न टेकवता, दरवेळी पडत असेल तर आतील रेक्टिफायर किंवा आयजीबीटी शॉर्ट झाल्याचा दाट संशय. पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. प्रत्येक वेळी आत आणखी काही जळते. मशीन जाणकाराकडे द्यावे. दहा-पंधरा मिनिटे काम झाल्यावर पडत असेल तर एमसीबी लहान आहे किंवा त्याच्या स्क्रूशी वायर ढिली होऊन तो तापतो आहे. अशा वेळी मोठा एमसीबी बसवून मोकळे होणे धोक्याचे. वायर तीच बारीक राहिली तर एमसीबीऐवजी वायर जळेल. आधी वायर जाड, मग एमसीबी मोठा.

३. पिवळा दिवा लागून मशीन थांबते

हा बहुतेक मशीनवर तापल्याचा दिवा. मशीनच्या पट्टीवर टक्केवारी लिहिलेली असते, तिला ड्युटी सायकल म्हणतात. '२०० अँपिअर, ६० टक्के' याचा अर्थ असा की ४० अंश हवेत, २०० अँपिअरवर, दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. बैलालाही आपण वळणावर दम खाऊ देतो, तसेच हे. मशीन घेताना पेटीवरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. ६० टक्क्यांवर किती अँपिअर, हे विचारावे.

दिवा लागला की स्विच बंद करू नये. पंखा चालू राहू द्यावा, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते. दिवा आपोआप विझतो. पूर्वी अर्धा तास चालणारे मशीन आता पाच मिनिटांत तापू लागले तर पंखा फिरतो का ते पाहावे आणि धूळ काढावी. आपल्याकडे बगॅसचा भुसा आणि ग्राइंडरची लोखंडी पूड हे दोन वैरी. लोखंडी पूड नुसती अडकत नाही, ती करंट वाहते. कार्डावर बसली की शॉर्ट. ग्राइंडरचे तोंड मशीनकडे कधीही करू नये. महिन्यातून एकदा प्लग काढून, जाळीतून कोरड्या हवेने, दाब कमी ठेवून धूळ उडवावी. गार मशीनवरही दिवा विझत नसेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली असे समजावे.

४. ठिणगी पडते, पण आर्क टिकत नाही

वर सांगितलेला प्रसंग तो हाच. व्होल्टेज नेहमी *रॉड टेकवलेला असताना* मोजावे. रिकाम्या मशीनचे व्होल्ट पाहणे म्हणजे रिकामी ट्रॉली काट्यावर घालण्यासारखे आहे.

वायरीतील घट किती होते ते पाहा. अंतर पन्नास मीटर (जाऊन-येऊन शंभर) आणि करंट २२ अँपिअर धरला, तर तांब्याच्या वायरीत:

१.५ चौ. मि. मी. वायर: सुमारे २७ व्होल्ट घट
२.५ चौ. मि. मी. वायर: सुमारे १६ व्होल्ट घट
४ चौ. मि. मी. वायर: सुमारे १० व्होल्ट घट
६ चौ. मि. मी. वायर: सुमारे ७ व्होल्ट घट

ॲल्युमिनियमची वायर असेल तर घट याहून दीडपटीने जास्त. पुष्कळ मशीने २३० व्होल्टच्या वर-खाली १५ टक्के, म्हणजे साधारण १९५ ते २६५ पर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. ओळीच्या शेवटच्या वस्तीवर संध्याकाळी २०५ व्होल्ट येत असतील आणि आपण बारीक वायर लावली, तर राखणदार मशीन थांबवणारच. उपाय असे: पुरवठ्याची वायर जाड व आखूड ठेवावी, गुंडाळी पूर्ण उलगडावी, लांबी हवी असेल तर पुरवठ्याच्या बारीक वायरीऐवजी वेल्डिंगची जाड केबल वाढवावी, बारीक रॉड घ्यावा, किंवा आजूबाजूच्या मोटारी बंद होईपर्यंत थांबावे. तारांवर आकडा टाकून मशीन चालवण्याचा मार्ग मात्र स्मशानाकडे जातो, आणि शेजाऱ्याचेही व्होल्टेज खातो.

५. व्होल्टेज जास्त दाखवते

हा आकडा दुर्मिळ, पण दिसला तर हसण्यावारी नेऊ नये. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की एका फेजवर व्होल्टेज तीनशेच्या पुढे चढते, दुसऱ्यावर दीडशेवर येते. घरातला एखादा दिवा डोळे दिपवतो आणि दुसरा मिणमिणतो, ही त्याची खूण. ताबडतोब मेन स्विच बंद करून वीज कंपनीच्या वायरमनला कळवावे. तसेच जुने ट्रान्सफॉर्मर मशीन दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालते, म्हणून त्याच बोर्डवर सवयीने सिंगल फेज इन्व्हर्टर जोडला जातो आणि मोठा आवाज होऊन कपॅसिटर फुटतो. जोडण्यापूर्वी पट्टी वाचावी. लहान जनरेटरवरही व्होल्ट उसळ्या मारतात. जनरेटर आधी सुरू करावा, स्थिर झाल्यावर मशीन लावावे.

६. आकडा नाही, दिवा नाही, तरी टाका धरत नाही

इथे दोष बहुधा मशीनच्या बाहेर, केबल व जोडांत असतो. अर्थचा चिमटा गंजावर किंवा रंगावर लावलेला, होल्डरचा स्क्रू ढिला, केबलच्या निम्म्या तारा तुटलेल्या. १२० अँपिअर वाहत असता जोडाला अवघा ०.०५ ओहम अडथळा असला तरी २५ पैकी ६ व्होल्ट तिथेच जातात आणि ७२० वॉट उष्णता तिथे तयार होते. एक इस्त्रीच म्हणा ना! म्हणून पाच मिनिटे वेल्डिंग करावे, मशीन बंद करावे आणि हाताची उलटी बाजू जवळ नेऊन प्रत्येक जोड तपासावा. जो तापला तोच चोर. रॉडही पाहावा. दमट रॉड फुरफुरतो आणि टाक्यात भोके पाडतो. साधा रॉड शंभर अंशांच्या थोडा वर तासभर भाजला तर कोरडा होतो. लो-हायड्रोजन रॉडला त्याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते, ती पाकिटावर लिहिलेली असते.

७. अंगाला झिणझिण्या येतात

काम तत्क्षणी थांबवावे, प्लग काढावा. पुरवठ्याचा करंट पेटीवर उतरला आहे आणि अर्थिंग तुटलेले आहे, अशी ही दुहेरी सूचना. प्लगची अर्थ पिन कापू नये. न्यूट्रलला अर्थ म्हणून जोडू नये. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पण त्यावर सर्वस्वी विसंबू नये, कारण तो पुरवठ्याच्या बाजूची गळती ओळखतो. होल्डरच्या बाजूचा शॉक त्याला कळत नाही, मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. होल्डरवर रिकामे असता ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या माणसाला ते फारसे जाणवत नाहीत. पण घामाने भिजलेला, ओल्या मातीत अनवाणी बसलेला माणूस त्या ८० व्होल्टने मेल्याचीही उदाहरणे आहेत.

आपल्या कारखान्यात चालू मिलच्या रोलरवर दाते खरखरीत राहावेत म्हणून आर्किंग करतात. रस वाहत असतो, भोवती वाफ, पायाखाली ओल. तिथल्या वेल्डरला कोरडे हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि लाकडी फळी दिल्याशिवाय काम करू देऊ नये, हा नियम याचसाठी. वस्तीवर पाटाच्या कडेला वेल्डिंग करणाऱ्याचा जीव काही वेगळा नसतो.

पेटी उघडू नये

इन्व्हर्टर बंद करून प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट काही मिनिटे राहू शकतात. ज्याला मीटरने ते तपासता येतात त्यानेच स्क्रूला हात लावावा. घरी करण्याजोगी शेवटची परीक्षा एकच: होल्डर व अर्थ या दोन्ही केबल मशीनपासून काढाव्यात, मशीन गार होऊ द्यावे, व्होल्टेज ठीक असल्याची खात्री करून चालू करावे. आकडा गेला तर दोष केबलीत. तोच आकडा राहिला तर दोष आत.

ट्रॅक्टर, बॅटरी आणि पाचट

ट्रॉलीला वेल्डिंग करताना ट्रॅक्टर सोडून बाजूला न्यावा. ट्रॅक्टरलाच करायचे असेल तर बॅटरीच्या केबल काढाव्यात, अल्टरनेटरची जोडणी सोडावी. नव्या ट्रॅक्टरवर इलेक्ट्रॉनिक पेटी असते, तिचाही प्लग काढावा. अर्थचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावावा. दूर चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात. भरल्या ट्रॉलीखाली ठिणगी उडवण्यापूर्वी पाचट झाडून काढावे, पाण्याची घागर व ओले पोते हाताशी ठेवावे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट

मशीन बंद पडले तर फार तर ऊस वाळतो. खरे संकट आहे ते अर्धवट चालणाऱ्या मशीनचे. व्होल्टेज कमी, करंट अपुरा, तरी वेल्डर कसाबसा टाका ओढतो. वरून रेघ दिसते, पण खालचे लोखंड वितळलेलेच नसते. टाका नुसता चिकटून बसलेला असतो. असा हूक दोन ट्रॉल्या घेऊन उताराला लागला आणि सुटला, तर समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा त्यात काय दोष? हूक, दांडा व ॲक्सल यांना 'रात्रीपुरता टाका' मारू नये, मारू देऊ नये. व्होल्टेज नाही, तर ऊस दुसऱ्या वाहनात भरावा. एका खेपेचे नुकसान भरून काढता येते.

असो. वाहनधारक सभासदांना आमची विनंती आहे, हे पान आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्याला वाचून दाखवावे. आणि पुढल्या वेळी दिवा लागला की कार्डाला दोष देण्याआधी या क्रमाने जावे: व्होल्ट रॉड टेकवून मोजणे, वायर, प्लग, अर्थचा चिमटा, होल्डर, धूळ, पंखा, आणि सगळे ठीक ठरले तरच दुरुस्तीवाला.